उरलासुरला आवाज

नाही, उठवणार नाही मी त्यांना, आत्ताच डोळा लागलाय — आणि नीलम, पाय जरा इकडे घे, त्या साडीचा गम ओला आहे अजून, एवढ्यातच स्टोन हलले तर शेठ सगळं पुन्हा लावायला सांगेल — हं, अशी. बस ना, आलीच आहेस तर बस, पण आवाज हळू. दारात काय म्हणालीस तू? पुन्हा म्हण. 'आई वर्गात नुसत्या येऊन बसल्या तरी चालेल.' नुसत्या! अगं, पहिलीपासून त्यांच्या हाताखाली होतीस तू, बाई कधी नुसत्या बसलेल्या बघितल्यास? खुर्चीला पाठ टेकली तर खुर्चीला नवल वाटायचं. त्यांच्यासमोर पहिलीची पोरं बसवशील आणि म्हणशील, आई, तुम्ही फक्त बघा. त्या बघतील होय? पहिल्या दिवशी कोणी क ऐवजी फ काढला की झालं, गेला गळा.

डॉक्टरांनी काय सांगितलंय माहीत आहे? कतारगामचे आहेत, मोठे डॉक्टर, ऑपरेशन त्यांनीच केलं. मला चित्र काढून दाखवलं — गळ्यात दोन पट्ट्या असतात म्हणे, इवल्याशा, त्या एकमेकींवर घासून घासून गाठी झालेल्या. 'बेन, तुमच्या मम्मी काय करतात?' म्हणाले. मी म्हटलं शिक्षिका. 'वाटलंच मला,' म्हणाले. म्हणजे बघ, गळ्यात डोकावून माणसाची नोकरी कळते. गाठी काढल्या, आता बोलणं बंद ठेवा, हळूहळू सुरू करा, पण वर्गात परत उभ्या राहिल्यात तर आवाज कायमचा जाईल — असं तोंडावर सांगितलंय. कायमचा. आणि तू आलीस ऑपरेशन झालं म्हणून पेढे घेऊन.

माहीत आहे गं मला, सगळं माहीत आहे. बाई रजेवर गेल्या, पहिलीची पोरं दुसरीच्या वर्गात कोंबली, आणि लोक दाखले काढून गुजराती शाळेत घालायला लागले. तुझी पोरगी तिथेच आहे, तुझा जीव तुटतो, तुटायचाच. पट कमी झाला की मराठी पहिली बंद, आज ना उद्या शाळाच बंद — हे मला नको सांगू, हे ऐकतच मोठी झाले मी. आमच्या घरात देवाचं नाव कमी आणि पटाचं नाव जास्त. दर उन्हाळ्यात बाई सगळी डिंडोली पालथी घालायच्या, घरोघर, डोक्यावर ओला रुमाल, 'पोरीला मराठीत घाला हो, मी आहे ना' म्हणत. लोकांच्या पोरी मागत फिरायच्या आणि घरची पोरगी लूमवरून थकून आलेल्या बापाजवळ. मतदार यादीचं काम आलं की तेही त्याच पायांनी. मग संध्याकाळी घरी आल्या की खुणा. पाणी — खूण. जेवायला बसा — खूण. बोलायला गळ्यात काही शिल्लकच नसायचं. आणि पप्पांचे कान गेलेले लूमच्या खडखडाटात, तुला आठवत असेल, ओरडल्याशिवाय त्यांना ऐकू यायचं नाही. एकाला ऐकू येईना, दुसरीला बोलवेना, असा आमचा संसार! पप्पा जेवताना मलाच विचारायचे, 'तुनी माय काय म्हनी ऱ्हायनी?' मी काय सांगणार — माझ्याशी तरी त्या कुठे काय बोलायच्या.

हसू नकोस. हसलीस तू, बघितलं मी.

आणि तो शाळेचा किस्सा तुला ठाऊक तरी आहे का? मी तुमच्या वर्गात कशी आले? आवडीने नाही आले. पप्पांनी मला गुजराती शाळेत घातलं होतं, निळा फ्रॉक होता, मैत्रीण होती एक, चांगलं चाललं होतं. त्या वर्षी बाईंचा पट भरेना. मग काय — काढा उज्ज्वलाला तिथून, बसवा इथे. लोकांची पोरं मिळाली नाहीत तेव्हा मी मिळाले त्यांना! पहिल्याच दिवशी मी वर्गात 'आई' म्हणून हाक मारली, सगळी पोरं फिदीफिदी हसली, तूसुद्धा. त्या म्हणाल्या, 'इथे बाई म्हणायचं.' वर्गात बाई, घरी आई — मोठ्या माणसाला सोपं आहे. सहा वर्षांच्या पोरीने कुठे कुठे लक्ष ठेवायचं? मी म्हटलं चूकच नको, घरीही बाईच. त्यांना वाटलं असेल चार दिवसांचा रुसवा आहे, जाईल. नाही गेला. लग्नात निघताना मी गळ्यात पडून 'बाई, बाई' करत रडले, तर भेस्तानच्या माझ्या आत्येसासूने विचारलं, एवढी रडते ती घरकामाच्या बाईसाठी काय? आजही हसतात सासरचे.

आणि तू आई म्हणतेस. म्हण ना, मी कुठे नको म्हणते. तुझी आई सकाळच्या पाळीला कामावर जायची, तुझ्या वेण्या बाई घालायच्या शाळेच्या पायरीवर, लाल रिबिनी, फूल काढून. माझ्या वेण्या पप्पा घालायचे. पप्पांची वेणी बघितली आहेस कधी? दोरखंड! डब्यात कळण्याची भाकर आणि ठेचा असायचा, त्यातली अर्धी भाकर तुला. मला वेगळा डबा, शेवटच्या बाकावर, लोकांनी म्हणायला नको की बाई स्वतःच्या पोरीचे लाड करतात. मी हात वर करायचे ना — तुला काय माहीत, तू पुढे बसायचीस — मी हात वर करायचे आणि त्यांची नजर माझ्या हातावरून अशी पुढे जायची, जसा तो हातच नाही. उत्तर मला यायचं. दर वेळी यायचं. चौथीतही वर्ग त्यांचाच, दोघींना सारखे मार्क पडले, तर पहिला नंबर कोणाला? नीलमला. स्वतःच्या पोरीला कसा द्यायचा! घरी आल्यावर तरी म्हणावं, उज्ज्वला, तुझाही होता गं — नाही म्हणाल्या. गळा बसला होता.

मी जळते तुझ्यावर. हो, सांगते तोंडावर, त्यात काय लाजायचं. तुझ्या लग्नात त्या आदल्या दिवसापासून हजर होत्या, मांडवात मंगलाष्टकांच्या वेळी त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर होता म्हणतात. माझ्या लग्नात परीक्षेचे पेपर होते, बसलेला आवाज घेऊन आल्या. सगळा आवाज तुम्ही पोरांनी नेला. आम्हाला काय राहिलं ते उरलंसुरलं.

चहा घेणार? नको? बरं झालं, आलं पण नाही घरात.

खरं सांगू का तुला — हे दिवस मला बरे गेले. ऐकायला वाईट वाटेल, पण बरे गेले. नवरा म्हणतो कधी येतेस, मी म्हणते येते. इथे मी साडी घेऊन बसते, त्या समोर बसतात, मी बोलते आणि त्यांना ऐकावं लागतं. कुठे जाणार? शाळा नाही, पट नाही, कोणाचं घर नाही. मी पप्पांचं बोलले, सासूचं बोलले, पहिलं पोटात राहिलं आणि गेलं ते बोलले — ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी माझा हात धरला होता. म्हणून शेजारणी आल्या की मी सांगते झोपल्यात. दर वेळी कुठे झोपलेल्या असतात!

आता नाही, आता झोपल्यात खरंच. तिकडे काय बघतेस?

आणि दुसरं एक — हे बोलू नको कोणाला. डॉक्टरांनी गेल्या गुरुवारीच सांगितलंय, आता दोन-चार शब्द बोलायला हरकत नाही. हळू, पण बोला. मी रिक्षातून येताना म्हटलं, आता बोलतील. म्हटलं निदान माझं नाव तरी घेतील, भाजी आळणी झाली म्हणतील, काहीही. घरी आलो, जेवलो, झोपलो. शुक्रवारी नाही. शनिवारी नाही. मी सारखी त्यांच्या तोंडाकडे बघते, तर नजर चुकवतात. मला वाटलं भीती वाटत असेल. मग काल सकाळी बघितलं — गॅलरीत उभ्या होत्या, ओठ हलत होते, आवाज नाही, नुसते ओठ. मी म्हटलं जप करतात. जवळ जाऊन बघितलं तर हजेरी! पहिलीच्या पोरांची हजेरी घेत होत्या, एक नाव, मग जरा थांबायचं, जसं कोणी 'हजर' म्हणणार आहे. तुझ्या पोरीचंही नाव होतं त्यात, ओठांवरून कळलं मला. तेव्हा समजलं, आवाज कोणासाठी साठवून राहिल्या आहेत ते. समोर मी बसले आहे दिवसभर, आणि साठवतात कोणासाठी! म्हणून सांगते, नीलम, तू जा. तुझ्या पोरीला गुजरातीत घाल, नाही तर कुठेही घाल, माझी काही हरकत नाही, पण हा आवाज मी आता कोणाला देणार नाही. एकदा गेला की गेला. म्हातारपणी तरी त्या माझ्याशी बोलतील की नाही? का तेव्हाही मला खुणाच? नाही, हाक नको मारू. सांगितलं ना झोपल्यात, हाक नको — नीलम!

मारलीसच.

बाई, तुम्ही कशाला उठलात? काही नाही, नीलम आली आहे, निघालीच होती. बसा. बोलू नका, डॉक्टरांनी काय सांगितलंय? तिच्या डोक्यावरून हात फिरवायला लागलात ना लगेच — रडायला काय झालं गं तुला, रडायचं काम माझं आहे. बाई, ती म्हणते शाळेत या. नुसत्या बसा म्हणते. तुम्ही मान हलवा, नाही म्हणा, एवढंच करा. अशी नाही — अशी आडवी! हे काय, हो? हो म्हणता तुम्ही? माझ्यासमोर उभ्या राहून हो म्हणता? मग मी कोण इथे? मी बोलणार आज, बोट ओठावर ठेवू नका, मी वर्गात नाही बसलेले, जन्मभर तुमचा गळा पोरांनी खाल्ला आणि तुम्ही खाऊ दिलात, आमच्यासाठी एक शब्द, एक शब्द कधी —

काय?

काय म्हणालात?

नीलम, ऐकलंस? तू ऐकलंस ना? बोलल्या. 'उज्ज्वला, गप्प बस.' खरखरला आवाज, पण माझं नाव आधी घेतलं — उज्ज्वला. तुझं नाही घेतलं. मला म्हणाल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या. बाई, पुन्हा म्हणा ना. एकदा. मग मी नाही काही बोलणार, शाळेतही मीच सोडीन तुम्हाला, पुन्हा म्हणा फक्त.

नीलम, तू जा गं आता. दार ओढून घे.

हो, बाई. बसले.