दुसऱ्या बटणाची तार

दुपारच्या शिफ्टला कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर जायच्या आधी विलास खोकल्याच्या औषधासाठी दवाखान्याच्या रांगेत उभा होता. त्याच्या पुढं लाकडाच्या वखारीतला भैरू आणि प्रेसवरचा सयाजी. दोघांचाही उजवा हात मनगटापासून गेलेला.

"सयाजी, सपनात हात असतो का तुझा?"

"असतो. पाची बोटं. तुझा?"

"आधी असायचा. आता तिथंबी थोटाच."

"माझा तार बांधत असतो."

"कसली तार?"

"प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दाबली तरच ती खाली येते, म्हंजी हात बाहेर राहत्यात. मी एक बटण तारेनं दाबून बांधलेलं. माल झपाझप निघायचा. आमच्यात समदेच बांधत्यात."

"मग सपनात तरी सोड की ती."

"रोज तेच ठरवून झोपतो, भैरू. हात ऐकत न्हाई."

मागं उभ्या विलासच्या प्रेसलाही तशीच तार बांधलेली होती.