भोक बुजवणारे चंदरकाका

आदरणीय अध्यक्षा उज्वलाताई, व्यासपीठावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती चंदरकाका भोये, त्यांना कडक इस्त्रीचा सदरा घालायला लावणाऱ्या सविताकाकू, आणि चक्क वेळेवर आलेल्या नाशिककर रसिकांनो!

मी निकिता, कॉम्प्युटरवर संगीत वाजवते. काका अठराव्या वर्षी हरसूलहून आले आणि चाळीस वर्षं त्यांनी या शहराच्या बाजाच्या पेट्या सुरात ठेवल्या. आता कान गेले म्हणून दुकान बंद केलंय आणि आपण त्यांना निरोप द्यायला जमलोय. मला हा निरोप मुळीच मान्य नाही. रागावू नका ताई, दोन मिनिटं द्या.

याच सभागृहात माझा पहिला कार्यक्रम झाला. टेबल, लॅपटॉप आणि मी. संपल्यावर काका आत येऊन म्हणाले, "पोरी, तू वाजवत होतीस का रेल्वेचं रिझर्व्हेशन काढत होतीस?" मला असा राग आला! पण पुढे म्हणाले, "बोटाला काय लागतच नाय, तर सूर जड झाला का हलका, तुला कळावं कसं?"

मग त्यांनीच एका जुन्या पेटीचा भाता काढून दिला. मी त्याला भोक पाडून, त्यातून येणाऱ्या हवेचा दाब मोजणारं यंत्र बाहेरून जोडलं. भाता जसा दाबाल तसा कॉम्प्युटरचा आवाज वाढायचा. भात्याच्या वरच्या फळीखाली थरथरणारी मोटर बसवली, म्हणजे तो आवाज परत हाताला जाणवायचा. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा वाटलं, अरे, हे वाद्य आहे!

गेल्या वर्षी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काकांनी तो भाता साफ करायला नेला. "भोक मुद्दाम ठेवलंय, बुजवू नका," असं मी तीनदा बजावलं. त्यांनी तीनदा मान हलवली. दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहासमोर मी भाता दाबतेय, दाबतेय, आणि आवाजाचा पत्ता नाही! काका धावत वर आले, भोकावर चिकटवलेलं कातडं त्यांनी नखानं उचकटलं, तेव्हा कुठे सूर निघाला. कारण काय, तर गळका भाता दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, ही त्यांच्या उस्तादांची शिकवण!

पडद्यामागे मी त्यांच्यावर ओरडले. नको नको ते बोलले. ते मान हलवत राहिले. मग काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, त्यांना दोन वर्षं झाली नीट ऐकू येत नाय. लाज वाटते, म्हणून मान हलवतात." मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

काका म्हणायचे, "कानाबिगर सूर लावणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं." एक दिवस मी त्यांचा तळवा भात्याच्या त्या थरथरणाऱ्या फळीवर ठेवला आणि एकमेकांशी जरासे न जुळणारे दोन सूर वाजवले. डोळे मिटून ते म्हणाले, "वरचा उतरलाय." बरोबर होतं! दहा वेळा वाजवलं, नऊदा बरोबर. तरी दुकान उघडायला तयार नाहीत. म्हणतात, "पोरी, तू मायेनं सांगतेस. हाताचा काय भरवसा?"

आज ते येणारच नव्हते. ऐकू येत नाही तर पुतळ्यासारखं बसून काय करू, म्हणाले. म्हणून त्यांना इथे माझ्यापुढे, तुमच्याकडे तोंड करून बसवलंय, मांडीवर ती फळी दिलीय आणि या माईकची वायर तिला जोडलीय. शब्द कळत नाहीत, फक्त थरथर पोचते. तेव्हा काका, त्या दिवसाबद्दल मला... मला माफ करा.

हा सत्कार ठेवणाऱ्या मंडळाचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लेकरू समजून पोटात घाला.

थांबा, काका हात वर करताहेत. काय म्हणताहेत, काकू? जरा मोठ्यानं सांगा.

"पोरगी रडतीये, तिला पाणी द्या"?

काका, तुमची तर माझ्याकडे पाठ आहे! आता सांगा, उद्या किती वाजता दुकान उघडताय?