आमची धुराची म्हैस

माझं गाव तसं आतलं, लांज्याच्या अलीकडं, समुद्र दिसायचा नाय पण म्हावरेवाली टोपली घेऊन यायची. बापूस शेती करायचा, वर वरकस जमिनीत नाचणी नि खाली भाताचे चार कुणगे, घरात आमी पाच जणं नि सहावी चूल, असं माझी आवस म्हणायची, तिलापण रोज खायला घालावं लागतं म्हणून. तुमी म्हैस बघायला आलात, पण ही चुलीची गोष्ट आधी सांगतो ताई, कारण तिच्यावाचून पुढचं तुमाला कळायचं नाय. चुलीच्या वर बांबूची मांडणी टांगलेली असायची नि तिच्यावर बांगडे, मिरच्या, आमसुलं, सगळं धुरात. पावसाच्या चार महिन्यांत ताजं म्हावरं कुठलं, मंग तो धुरातला बांगडा नुसता निखाऱ्यावर शेकायचा नि पेजेबरोबर खायचा, एकेका तुकड्यावर एकेक माणूस जेवायचं.

मंग सगळे गेले तसा मीपण मुंबईला गेलो. कापडाच्या दुकानात वगैरे नाय, सरळ वेल्डिंगच्या वर्कशॉपात, गॅस कटिंग शिकलो, लोखंड शिकलो, डोळ्यात ठिणगी जाऊन रात्र रात्र बटाट्याची फोड बांधून झोपणं, तेपण शिकलो. अंजनवेलला गॅसच्या प्लँटचं काम निघालं तेव्हा परत आलो, तिथं पाइप जोडले, नि ते काम संपल्यावर रत्नागिरीतच दुकान टाकलं, ग्रिल, गेट, पाण्याच्या टाकीचे स्टँड. लोक वेल्डरकाका म्हणतात, माझं खरं नाव आता बायकोलापण आठवावं लागत असेल.

बायको म्हणजे कुंदा, संगमेश्वराकडची. काय सांगू तुमाला हिच्या नाकाचं. पडवीत बसून सांगायची, मागचा कापा फणस पिकला, बरका अजून दोन दिवस नाय. म्हावरेवाली गेटात असताना ही आतून म्हणायची, आज घेऊ नका हो, कालचं हाय. मी आपला लोखंडाच्या धुरातला माणूस, मला भात लागला तरी कळायचं नाय, मंग ती म्हणायची, तुमचं नाक म्हणजे नुसतं चष्मा ठेवायला. आल्यागेल्याला सांगायची नि हसायची. मलापण राग नाय यायचा, खरंच व्हतं ते.

रत्नागिरीतलं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा त्यातली चूल मी माझ्या हातानं फोडली. टाइल्स लावायच्या व्हत्या, चुलीला जागा कुठली. कुंदानं चुलीतला एक जांभ्या दगडाचा चिरा उचलला, काळाकुट्ट झालेला, नि परसात नेऊन ठेवला, म्हटली कपडे आपटायला होईल. कपडे तिनं त्याच्यावर कधी आपटले नायत.

तर करोनाची दुसरी फेरी आली तेव्हा आमाला दोघांनाबी ताप आला. दोघांचाबी वास गेला. आठ दिवसांनी मला साबणाचा वास आला, मी ओरडलोच, ती म्हटली मलापण आला, नि आमी दोघांनी चहा केला. मुलगा मुंबईत, त्याला फोन केला, आई-बाबा बरे हायत. झालं, तिथं विषय संपला असं मला वाटलं.

त्याच्यानंतर बघा, हळूहळू तिचं जेवण उतरलं. पूर्वी बांगड्याचं डोकं चोखल्याशिवाय उठायची नाय, ती आता दोन घास खाऊन ताट सारायची. मीठ कधी जास्त, कधी नायच. एकदा गॅसचं बटण उघडं राहिलं, मी बाहेरून आलो नि मला, म्हणजे मला वास आला, मी वाट्टेल तसा बोललो तिला. तिनं खिडक्या उघडल्या. नि म्हावरं घ्यायच्या वेळी मला पुढं करायला लागली, बघा हो ताजं हाय काय. मला वाटलं, म्हातारपणी बायको मान देते हाय.

एकदा मी विचारलं, अगो, तुला खावंसं तरी काय वाटतं? तर म्हटली, चुलीवरच्या धुरातला बांगडा. आता चूल तर मीच फोडलेली. मंग मनात घेतलं, ह्या दिवाळीच्या आत हिला धुरातला बांगडा खायला घालायचा.

आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्यानं दुकान बंद केलं, त्याची हवेची टाकी भंगारात पडलेली, चांगली जाड पत्र्याची. ती आणली. बंद टाकी कापायची म्हणजे आधी पाण्यानं भरायची, आत काय राहिलंय ते टाकीलाच ठाऊक, नायतर कापणाऱ्याचा फोटो भिंतीवर लागतो. कापली, आतबाहेर आग घालून जुना रंग नि तेल जाळलं, वाळूनं घासली. कापलेल्या झाकणाला एका गेटाच्या जुन्या बिजागऱ्या लावल्या, पाइपचं नळकांडं केलं, बाजूला विस्तवाची पेटी, कारण जाळ आत जाता नये, धूरच गेला पायजे. चार पाय लावले. कुंदा बघायला आली नि म्हटली, ही तर म्हैस. काळी, पोट सुटलेली. नाव तेच पडलं. मुलाला फोटो पाठवला, तर तो म्हणतो बाबा, ह्याला बार्बेक्यूचा स्मोकर म्हणतात, मुंबईत हॉटेलांत असतो. म्हटलं असेल, आमची म्हैस हाय. कुंदानं लाल माती नि शेण कालवून झाकणाच्या फटी लिंपल्या, आणि तो परसातला काळा चिरा तिनं स्वतः विस्तवाच्या पेटीखाली सरकवला.

आता माझी चूक ऐका. धुराला घालायचं काय? नारळाची सोडणं, करवंट्या सगळे घालतात. पण मला वाटलं, काजूच्या कारखान्यातली टरफलं आणावी, तेल काढून घेतलेली असतात, कोरडी, धूर चांगला लागतो. कोकणात जन्मलो, लहानपणी काजूबिया भाजताना चिकानं हाताची सालं निघालेली, तरी ही अक्कल. पोतंभर घातली. तीन तास म्हैस फुसफुसत राहिली नि मी समोर बसून राहिलो, नवीन नवऱ्यासारखा.

बांगडे बाहेर काढले, काळेभोर, चकचकीत. पहिला तिच्या ताटात घातला. ती खायला लागली, पाठ, पोट, डोकंसुद्धा चोखलं, छान झालाय हो म्हटली. मला इतका आनंद झाला ताई. मंग मी माझा तुकडा तोंडात घातला नि थुंकायला परसात धावलो. कडू जहर, घसा सोलून निघाला. बाहेरचं कुत्रं, त्याला टाकला तर ते नुसतं हुंगून मागं सरलं.

मी आत आलो नि चिडलो. मला वाटलं माझं मन राखायला खाल्लंन. म्हटलं, खोटं कशाला बोलतेस, हे काय खायचं हाय? ती माझ्याकडं वळली. तिचे ओठ सुजायला लागलेले. म्हटली,

मला वाटलं तुमी मिरी लावलीत.

नि मंग खाली मान घालून म्हटली, मला वास येत नाय हो, चवपण धड नाय. तेव्हा गेला तो आलाच नाय. माणसं गेली त्या दिवसांत, माणसं, नि मी नाकाचं काय रडू?

काय सांगू तुमाला. दोन वर्षं त्याच घरात मी जेवत व्हतो. ती अंदाजानं फोडणी करायची, कढीपत्ता तडतडला म्हणजे झाली असं कानानं. ते गॅसचं बोललो ते आठवलं. तिला भीती व्हती, मुलाला कळलं तर मुंबईला नेईल नि स्वयंपाकघर सुटेल. धुराचा बांगडा तिनं मागितला तो चवीला नाय, एवढा दांडगा वास तरी नाकात शिरतो काय ते बघायला. मी तिच्या ओठाला खोबरेल लावलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, तिच्या ओठाला असा कधी हात लावला नव्हता, उगाच कशाला खोटं सांगू.

डॉक्टरला दाखवलं. ते म्हणतात येईलही, नायपण येणार. म्हैस मी परत घासली, रिकामी पेटवून सगळा चीक जाळला, नि सोडणं आणली. सोडणं जरा भिजवून घालायची, धुमसत राहतात, ते कुंदानंच सांगितलं. बांगड्याला मीठ लावून ठेवायचं, वाऱ्यावर सुकवायचं, मंग टांगायचं. कातडी सोन्यासारखी झाली की बोटानं दाबून ती सांगते, काढा. एकदापण चुकत नाय. आळीतली माणसंपण आता बांगडे आणून देतात.

त्या पहिल्या चांगल्या खेपेला ती म्हैशीजवळ पाटावर बसली नि म्हटली, वास सांगा. मी म्हटलं, धुराचा येतो हाय. ती म्हटली, ते आंधळापण सांगेल. मंग मी बसलो, डोळे मिटले, आयुष्यात पहिल्यांदा नाक चालवलं. म्हटलं, लग्नानंतर पहिल्यांदा तुझ्या माहेरी गेलो, तुझ्या आयशीनं चुलीपुढून उठून पाण्याचा तांब्या दिलान, त्या पाण्याला असाच वास व्हता. तिनंपण डोळे मिटले. मंग म्हटली, आला. खरंच आला की आठवण आली, मी विचारलं नाय. कशाला विचारायचं?

तेव्हापासून रोज सांगतो. फोडणीचा, ओल्या मातीचा, कापा पिकला की कापा. आधी शब्द सापडायचे नायत, आता ती चुका काढते, म्हणते काल असा नव्हता सांगितलात. तिचा वास आला तर बरंच, तिनं मंग परत मला हसावं. नाय आला तर चष्मा ठेवायचं हे नाक हाय की, दोघांना पुरवतो.

हे दोन बांगडे घेऊन जा ताई, कुंदानं पानात बांधलेत. घरी पोचल्यावर पुडी सोडताना घाई करू नका, आधी नाकाशी धरा, तुमच्या घरात कोणाचंच नाक कधी असं जाऊ नये.