बंड्याला लिफ्ट मिळण्याबाबत

विषय: आमचा कुत्रा बंड्या यास मुलुंडच्या आमच्या सोसायटीत लिफ्ट वापरू देण्याबाबत.

हसू नका. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि त्याला फिरवणाऱ्या आमच्या हिचे गुडघे दुखतात. सेक्रेटरी म्हणाले, "काका, गेट उघडलं की हा सुसाट रस्त्यावर पळतो. लिफ्टच्या दारातही तेच करणार. आधी थांबायला शिकवा, मग बघू."

हिने महिनाभर शिकवलं. गेटपाशी बसायचं आणि ही "चल" म्हणाली तरच उठायचं.

परीक्षा घ्यायला सेक्रेटरी स्वतः आले. वॉचमनने गेट सताड उघडलं. समोरून मांजर गेलं, बंड्या बसलेलाच. सेक्रेटरींनी बिस्किट दाखवलं. लाळ गळाली, बंड्या हलला नाही.

"झकास!" सेक्रेटरी म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि बोलता बोलता ते थेट रस्त्यावर उतरले. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला. "ओ सेठ, घर पे बोल के आया क्या?"

ही शांतपणे म्हणाली, "भाऊ, या इकडे. बंड्याशेजारी बसा जरा."

वॉचमनसकट सगळे हसले, सेक्रेटरी सोडून.

बंड्या पास झाला. अर्ज सेक्रेटरींकडे अद्याप प्रलंबित आहे.