लंकाबाईच्या काळजाची झडप

अहो, जनावर निवडायचं म्हणजे दात बघायचे, चालवून बघायचं, एवढं मला कळतं, पण बायकोच्या काळजासाठी जनावर निवडा म्हटल्यावर काय बघायचं, तुम्हाला सांगतो, मला काही सुधरेना... नाशिकचा डॉक्टर, आमच्या पोराच्या, दीपकच्या वयाचा, म्हणतो कसा, "बाबा, आजींच्या हृदयाची झडप खराब झालीय, बदलावी लागेल. धातूची बसवली तर जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळ्या. त्यापेक्षा डुकराची बसवू की गाईची?" जसं काही चहा घेता की दूध.

लंकाबाई, म्हणजे आमची मंडळी, हरसूलहून निघताना अंगणातून गाडीपर्यंत जायला दोनदा बसली होती, ऑपरेशन नाही तर दिवाळीचं सांगता येत नाही असं डॉक्टर बाजूला घेऊन म्हणाला, आणि ही खाटेवर मांडी घालून, "गाय नको. तिच्यापुढं निवद ठेवायचा अन् तिचाच तुकडा काळजात? नाय जमायचं." दीपक म्हणाला, "मग डुकराची घे, आई." "अन् देव्हाऱ्यापुढं बसू कशी?" मला वाटलं आपणही काही सुचवावं, म्हटलं, "डॉक्टर, बोकडाची नाय चालणार?" "लहान पडते, बाबा." "मग माकडाची? माणसासारखंच असतंय." तो म्हणाला, "म्हणूनच नको. त्याचे आजार आपल्याला लवकर लागतात. डुकराचं हृदय मापाला बसतं."

मग हिनं हळूच विचारलं, "त्या जनावराला कोणी इचारलं का?"

डॉक्टर चष्मा पुसत राहिला. "नाही, आजी. त्याला नाही विचारता येत."

"मग वळखीचं तरी नको. गाय म्हटलं की मला आमची चंद्री दिसती, कपिली दिसती... डुकराला आम्ही कधी नाव दिलं नाय. त्याचीच बसवा." आणि भिंतीकडे तोंड करून रडली. स्वतःसाठी नाही हो, त्या डुकरासाठी. मी पाठीवर हात ठेवला.

झडप बसवली, त्याला वर्ष झालं. आता ही हंडा घेऊन चढ चढते, मागे राहतो तो मी. परवा तिन्हीसांजेला भुईमुगात रानडुकरं शिरली, मी काठी घेऊन धावलो, तर ही मागून, "अहो, मारू नका, माझ्या माहेरची हायती."

आता मेव्हण्यांवर काठी कशी उगारायची? उभा राहिलो बांधावर, त्यांचं जेवण होईपर्यंत.