मशीनची सूट

सत्त्याऐंशी साल. सदर बाजारातल्या थांब्यावर बस येईना, आणि बाजूच्या दोघींचं बोलणं थांबेना.

“पोरीच्या लग्नाची साडी झाली का, तुळजाबाई?”

“झाली वं, मैना. पण त्या सेठनं दुकानात कंप्युटर आणून ठेवला न! मी नाव सांगितलं, तर कागदच छापून निघाला. म्हणे, जुनं गिऱ्हाईक, दहा टक्के सूट.”

“बरं झालं न मंग.”

“काय बरं झालं? मी अजून तोंड नाही उघडलं, अन् सूट! काय काय बोलायचं, ते सकाळपासून ठरवून गेली होती मी.”

“मंग?”

“मंग उठली अन् निघाली. पायरी उतरली, तसा सेठ हाका मारून राहिला. म्हटलं, पहिले ते दहा टक्के काढा मशीनमधून. पुरा भाव सांगा, मंग बोलू.”

“काढले?”

“काढले न! मंग बसली मी मांडी घालून. दोनदा उठून गेली, दोनदा त्यानं वापस बोलावलं. चहा पाजला. घाम फुटला वं सेठले!”

“कितीवर जमलं?”

“आठ टक्क्यांवर.”

“अवं बाई, मशीन तर दहा देऊन राहिली होती!”

“ते फुकटचे होते. हे आठ मी आणले.”

“…तुळजाबाई, मले सुनेसाठी साडी घ्याची हाये. तुम्हीच चाला माह्या संगं.”

“चाल न.”

“अन् त्या मशीनले माहं नाव सांगू नका.”