कंबरभर पाणी

— नाही मॅडम, तिकडून नका उतरू, तळ्याचा प्लास्टिकचा कागद घसरतो. इथून बघा. मधोमध म्हशीच्या पाठीसारखा फुगलाय ना? — गाळ नव्हे तो. खालून समुद्र वर आलाय. बेट हे, पाच हात खणलं की खारंच लागणार! खणणारा मिस्त्री घसा फोडून सांगत होता, इथंच थांबा. पण आमचे बाबा — जन्मात कुणाचं ऐकलंय त्यांनी? म्हणे, जितकं खोल तितकं पाणी. काका मान डोलवायला हजरच. आणखी दोन हात उकरलं दोघांनी. लिहा ना पंचनाम्यात — सात हात खोल.

मग तीन वर्षं कसं चाललं? चाललं. सगळ्या छपरांचं पावसाचं पाणी पन्हळींतून इथं यायचं, त्याच्या वजनानं कागद तळाला बसून राहायचा. नियम एकच — मिरची वाळली तरी चालेल, तळ्यात कंबरभर पाणी राहिलंच पाहिजे. ती काठीवरची लाल खूण दिसतेय? बाबांनी केलीय. रोज चहाआधी इथं येऊन खूण बघायचे. पोरांकडे एवढं बघितलं असतं तर — जाऊ दे.

हो, पंप मीच बघते. कॉलेज सोडल्यापासून. का सोडलं — त्याचा तळ्याशी काय संबंध? तसा आहे म्हणा. त्या दिवशी जेवताना सगळ्यांदेखत म्हणाले, ‘शिकायला पाठवली तर अर्ध्यातून पळाली, हिला बटण दाबण्यापलीकडे येतंय काय?’ काका फिदीफिदी हसले. मी भरल्या ताटावरून उठले, बटण दाबलं, आणि धक्क्यावर जाऊन बसले ती — म्हणजे, मिरचीला पाणी हवंच होतं हो! ऊन काय कमी होतं? परत आले तोवर भरती चढली होती. तळं रिकामं, कागद फुगून फाटलेला, आणि पंप आपला खारं पाणी ओढतोय. ती पानं कडेनं जळलीत ना, त्यानंच.

हे नका लिहू. कारण म्हणून तळ्याची खोली लिहा. बाबांनाही खोलीच नडली असं वाटतंय — अंगणात बसून असतात, इकडे फिरकत नाहीत. काल मला म्हणाले, मला! — ‘तुझं ऐकायला हवं होतं.’ मी कुठं काय बोलले होते? मिस्त्री बोलला होता.

काय? खोली लिहिली तर तळं बुजवायचं? सगळं? — आणि उपसा चुकला असं लिहिलं तर? नवा कागद बसेल? सात हात चालतात, कंबरभर राखलं तर?

...

खोडा ते खोलीचं. खोडा म्हणते ना! लिहा — पंप चालू ठेवून निघून गेली. कोण? मुलगी, लिहा. आणि निघा आता, ओहोटी लागली की होडी रुतेल तुमची. अंगणातून नका जाऊ, मागच्या वाटेनं जा. त्यांना मीच सांगेन.